हातातली बॅग आणि टाकायची बॅग : पहिल्यांदा विमानाने निघणाऱ्यांसाठी

मुलांकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेले आईवडील, शिकायला निघालेली पोरं आणि पुण्याहून दिल्लीला पहिलं विमान पकडणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या बॅगा भरून दिल्या आहेत, त्यामुळे कोण कुठे अडतं ते आता पाठ झालंय. पासपोर्ट-व्हिसाचं सगळे नीट करतात. घोळ होतो तो बॅगांचा.

बॅगा दोन प्रकारच्या. एक आपल्याबरोबर विमानात येते आणि डोक्यावरच्या कप्प्यात बसते, ती केबिन बॅग, म्हणजेच हातातली. दुसरी काउंटरवर द्यायची, ती विमानाच्या पोटात जाते आणि उतरल्यावर पट्ट्यावरून परत घ्यायची, ती चेक-इन बॅग, म्हणजेच टाकायची. 

१. आधी तिकिटावरची सामानाची ओळ शोधा

‘अमेरिकेला ४६ किलो चालतं’ हे शेजारच्या काकूंनी सांगितलेलं असतं. त्यांच्या तिकिटावर चालत असेल. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांची मर्यादा वेगळी असू शकते, कारण ती तिकिटाच्या भाड्यावर ठरते. म्हणून स्वतःच्या तिकिटाची प्रिंट काढा आणि त्यावरची बॅगेजची ओळ पेनाने गोल करा.

तिथे दोनपैकी एक पद्धत दिसेल. नुसते किलो लिहिलेले असतील, उदाहरणार्थ ३० किलो, तर तो एकूण वजनाचा हिशोब. आखाती देशांच्या विमानांना बहुधा हा असतो. ‘२ पीसी’ असं काही लिहिलेलं असेल तर तो नगांचा हिशोब : दोन बॅगा, प्रत्येकी सहसा २३ किलोपर्यंत. अमेरिका-कॅनडाकडे हा चालतो, आणि हल्ली स्वस्त तिकिटांवर दोनाऐवजी एकच नग असतो. नगांच्या हिशोबात २७ आणि १९ अशी वाटणी चालत नाही. बेरीज ४६ च आहे हे काउंटरवर सांगून उपयोग नाही, २७ ची बॅग जास्तीची धरली जाते.

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीला टाकायच्या सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते आणि हातातल्या बॅगेची ७. पण एअर इंडिया एक्सप्रेसच्या ‘लाइट’सारख्या भाड्यात टाकायची बॅग धरलेलीच नसते. तिकीट दोनशे-चारशे रुपयांनी स्वस्त दिसलं म्हणून काढायचं आणि विमानतळावर बॅगेचे पैसे भरायचे, हा सौदा तोट्याचा. जास्तीचं वजन लागणारच असेल तर ते आधीच ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर तेच महाग पडतं.

आणखी एक खाच. पुणे-दिल्ली वेगळं तिकीट आणि दिल्ली-टोरांटो वेगळं, असं काढलं असेल तर पहिल्या टप्प्याला देशांतर्गत मर्यादाच लागू होते. दोन भरगच्च बॅगा घेऊन गेलात की पुण्यातच जास्तीच्या वजनाची पावती फाटते. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर आंतरराष्ट्रीय मर्यादा सहसा पहिल्या टप्प्यापासून मिळते. तिकीट काढून देणाऱ्या मुलाला किंवा एजंटला हे आधी विचारा.

२. हातातल्या बॅगेत काय जायलाच हवं

मी प्रत्येक वस्तू उचलून एकच प्रश्न विचारते : टाकलेली बॅग दोन दिवस उशिरा आली तर हिच्यावाचून अडेल का? अडणार असेल तर ती हातात.

- पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, तिकिटाची प्रिंट, प्रवास विम्याची पॉलिसी
- जिथे उतरणार तिथला पत्ता आणि फोन नंबर, कागदावर लिहून. फोनची बॅटरी संपली की मुलाचा नंबरही आठवत नाही
- रोजची औषधं, संपूर्ण मुक्कामाची जमली तर उत्तमच, निदान आठवडाभराची तरी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव टाइप केलेलं
- दागिने, रोख, घराच्या किल्ल्या, लॅपटॉप, चष्म्याची दुसरी जोडी
- एक जोड कपडे, एक स्वेटर किंवा शाल
- पेन

इन्सुलिन कधीही टाकायच्या बॅगेत घालू नका. विमानाच्या पोटात थंडी कुठवर जाईल याचा भरवसा नाही, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असली की सुया आणि पेन हातातल्या बॅगेत नेता येतात.

आखातात निघालेल्यांनी औषधांकडे जरा जास्त लक्ष द्यावं. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अशा आपल्याकडे सहज लिहून दिल्या जाणाऱ्या गोष्टी संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात. त्या लागणारच असतील तर परवानगीचं आधी बघा.

केबिन बॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ११५ सेंटीमीटर होते, म्हणजे सुमारे ५५, ३५ आणि २५. हे माप चाकं आणि दांडीसकट. नवी कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते, मग सातातले उरले चार. ज्यांना फार उचलवत नाही त्यांनी सरळ पाठीवरची सॅक घ्यावी. त्याशिवाय लहान पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी बऱ्याच कंपन्या चालवून घेतात, पण पर्स म्हणजे पर्स. भाजी आणायची कापडी पिशवी त्यात धरत नाहीत.

३. पॉवर बँक : हातातच, दुसरीकडे कुठेही नाही

लिथियमची सुटी बॅटरी पेटली तर पाण्याने किंवा अग्निशामकाने आटोक्यात आणायला माणूस जवळ हवा. विमानाच्या पोटात तो नसतो. म्हणून पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या हे सगळं केबिनमध्येच. टाकायच्या बॅगेत सापडली तर बॅग बाजूला काढतात, नाव पुकारतात, आणि गेटकडे निघालेल्या माणसाला उलट पावली यावं लागतं.

मर्यादा १०० वॉट-आवरची आहे (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). पॉवर बँकेवर बहुधा एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-आवरची होते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. आकडे पुसले गेलेली जुनी पॉवर बँक घरीच ठेवा, तपासनीस ती काढून घेऊ शकतो. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला आणि चार्ज करायलाही बंदी घातली आहे; ती वरच्या कप्प्यातही ठेवता येत नाही, समोरच्या सीटच्या खिशात किंवा पायाशी ठेवायची.

बॅटरी काढता न येणाऱ्या ‘स्मार्ट’ सुटकेसच्या नादी लागू नका. एअरटॅगसारखा छोटा ट्रॅकर मात्र टाकायच्या बॅगेत खुशाल ठेवा, त्यातली बटणाएवढी बॅटरी चालते.

४. हातात न चालणारं

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत पातळ काहीही १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही, आणि त्या सगळ्या बाटल्या एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. बाटलीचं माप बघतात. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल उरलंय, हे चालत नाही. आणि ‘पातळ’ या शब्दात तूप, लोणचं, मुरांबा, श्रीखंड, चटणीची पेस्ट, टूथपेस्ट, बाम हे सगळं येतं. लंडनमध्ये २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, तेव्हापासूनचा हा नियम. काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रं आली आहेत आणि तिथे सैल सोडतात, पण तुमच्या वाटेतला सगळ्यात कडक विमानतळ धरून भरा. मुंबईत सुटलात म्हणून मधल्या मुक्कामात सुटाल असं नाही.

कात्री, सुरी, अडकित्ता, विळी, शिवणाचे मोठे दाभण : सगळं टाकायच्या बॅगेत, पात्याला जाड पुठ्ठा गुंडाळून. पानसुपारीच्या चंचीतला अडकित्ता काढायचा राहतो, आजोबांना आठवण करा.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ३५० मिलीपेक्षा जास्त भुकटी हातातल्या बॅगेत असली तर तिची जादा तपासणी होते, आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच ठेवावी लागते. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, सत्त्व, गोडा मसाला, हे सगळं भुकटीच. नाचणीचं सत्त्व म्हणजे काय हे फ्रँकफर्टमधल्या तपासनिसाला समजावण्यापेक्षा ते खाली टाकलेलं बरं.

५. कुठेच न चालणारं

काडेपेटी, लायटर आणि कापूर. देवपूजेचा छोटा डबा भरून घेतात त्यात हे तिघंही हमखास असतात. कापूर ज्वलनशील घन पदार्थ आहे, हातातही नाही आणि पोटातही नाही. वाती आणि उदबत्ती न्या, कापूर तिकडच्या भारतीय दुकानात मिळतो.

दुसरं सुकं खोबरं. कोकणातून निघालेल्या प्रत्येक बॅगेत खोबऱ्याच्या वाट्या असतात आणि काढून ठेवायला सांगितलं की माणूस चिडतो, खोबऱ्याने काय होतंय म्हणून. होतं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, आणि कोंदट जागी ते आपोआप तापत जातं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३६३. ओला, न फोडलेला नारळ टाकायच्या बॅगेत जातो; हातातल्या बॅगेत तोही नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजासाहित्याच्या गाठोड्यातला नारळ जवळ ठेवता यावा म्हणून २०२४ च्या हंगामात खास, तात्पुरती सूट द्यावी लागली होती, यावरून नियम किती पक्का आहे ते कळेल.

६. खाऊ

अर्धी बॅग याचीच असते, तेव्हा सविस्तर.

आधी देश बघा. अमेरिकेत कढीपत्ता चालत नाही, ताजी फळं, भाज्या, रोपं, मांसही नाही. जे काही खाण्याचं आहे ते विचारल्यावर ‘हो, आहे’ असं सांगायचं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील; न सांगता सापडली तर दंड. ऑस्ट्रेलिया याबाबत त्याहून कडक, तिथे उतरण्यापूर्वी भरायच्या कार्डावर खाण्याचं सामान नोंदवावंच लागतं.

दुबई, अबू धाबी, सौदी आणि सिंगापूरला खसखस नेऊ नका. तिकडे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात येते. पुडी कोणी नेत नाही हो, पण अनारसे खसखशीवर थापलेले असतात हे दिवाळीच्या गडबडीत कोणाच्या लक्षात येतं? फराळाच्या डब्यात चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू भरा. अनारसे इथेच खाऊन घ्या.

याच कारणासाठी दुसऱ्याची पिशवी घेऊ नका. ‘आमच्या बाळ्यासाठी एवढंसं आहे, त्याचा मित्र येईल घ्यायला विमानतळावर,’ असा फोन निघण्याच्या आदल्या दिवशी येतोच. बॅग तुम्ही स्वतः भरली का, हा प्रश्न काउंटरवर विचारला जाऊ शकतो आणि आत जे काही सापडेल ते तुमचं धरलं जातं. नात्यातलं असेल तर डबा आपल्यासमोर उघडून, आपल्या हाताने परत भरून घ्या. वाईट वाटलं तर वाटू दे.

आता बांधणी. लोणच्याची बरणी काठोकाठ भरायची नाही, वर दोन बोटं जागा सोडायची. विमानात हवेचा दाब कमी होतो, साधारण ८,००० फूट उंचीवरच्या डोंगरावर असतो इतका, आणि काठोकाठ भरलेलं तेल वाट काढतं. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा दुहेरी कागद ताणून बसवा, त्यावर झाकण घट्ट फिरवा, झाकणाच्या कडेने टेप, मग झिपची पिशवी, मग ती पिशवी डब्यात, आणि तो डबा बॅगेच्या मधोमध कपड्यांत. काच टाळा. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत देशांतर्गत प्रवासातही अडवतात, तेही खालीच. तुपाबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या कंपनीच्या साइटवर बघून घ्या. चिवड्याची आणि बाकरवडीची सीलबंद पाकिटं फुगतात, त्यांच्यावर जड काही ठेवू नका.

७. वजन घरी करा

लटकता डिजिटल वजनकाटा पाच-सातशे रुपयांत मिळतो, सोसायटीत एकाने घेतला तरी सगळ्यांचं भागतं. नसेल तर माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. २३ ची मर्यादा असेल तर २२ ला थांबा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं जमेलच असं नाही.

मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर रात्री काउंटरांच्या आसपास कोणीतरी जमिनीवर बॅगा उघडून बसलेलं असतंच. एकीतून लाडवाचा डबा काढून दुसरीत, दुसरीतली चादर तिसरीत, स्वेटर अंगात. मागून रांग पुढे सरकतेय, साड्या फरशीवर. यातलं काहीही घरी दहा मिनिटांत झालं असतं.

एक बॅग ३२ किलोच्या वर कधीच घेत नाहीत, पैसे मोजायची तयारी असली तरी. ती उचलणाऱ्या माणसाच्या कमरेसाठीचा नियम आहे. टाकायच्या बॅगेची तिन्ही मापं मिळून १५८ सेंटीमीटरपर्यंत असावीत. गाठोडी, वळकट्या, सुतळीने बांधलेले खोके टाळा. दुबई विमानतळाने तर मार्च २०१७ पासून गोल आणि वेड्यावाकड्या आकाराचं सामान घेणं बंद केलंय, एक बाजू सपाट लागते; त्यांच्या पट्ट्यांवर ते अडकतं.

नवरा-बायको दोघं असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे घाला. एक बॅग मागे राहिली तरी दोघांनाही घालायला काहीतरी असतं.

८. बॅग बंद करताना

जुन्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर खरवडून काढा. यंत्र बारकोड वाचून बॅग वळवतं, जुना कोड आडवा आला तर ती भलतीकडे जाऊ शकते. बाहेर नाव-फोनचा टॅग लावा, आणि आतही एक कागद ठेवा, बाहेरचा तुटला तर कामाला येतो. काळ्या ट्रॉल्या शेकड्याने असतात, म्हणून दांडीला साडीची काठाची पट्टी बांधा, लांबून ओळखू येते. बॅगेचा फोटो काढा, उघडी असताना एक आणि बंद केल्यावर एक.

अमेरिकेला जाताना कुलूप टीएसएचं (तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला चालणारं) लावा, त्यावर लाल चौकटीची खूण असते. तिथले तपासनीस ते स्वतःच्या किल्लीने उघडतात. साधं कुलूप असेल तर तोडतात आणि आत एक छापील चिठ्ठी ठेवून देतात.

९. विमानतळावर

काउंटर देशांतर्गत विमानांसाठी साधारण तासभर आधी बंद होतो, आंतरराष्ट्रीयसाठी त्याहूनही आधी होऊ शकतो. बॅग टाकायची असेल तर मोबाइलवर बोर्डिंग पास काढलेला असला तरी या वेळेच्या आत पोचावंच लागतं.

बॅगेला टॅग लावला की त्यावरची तीन अक्षरं वाचा. नेवार्कला जायचं असेल तर ‘ईडब्ल्यूआर’, शिकागोला ‘ओआरडी’. शेवटच्या मुक्कामाची अक्षरं हवीत, मधल्या नव्हेत. मिळालेली पावती पासपोर्टच्या आत ठेवा.

तपासणीच्या ट्रेमध्ये लॅपटॉप, फोन, पॉवर बँक, चार्जर, पट्टा, पाकीट वेगळं काढावं लागतं. हे सगळं बॅगेच्या सर्वांत वरच्या कप्प्यात एका पिशवीत ठेवलं की काढायला आणि मोजून परत घालायला सोपं. ट्रेमध्ये सगळ्यात जास्त विसरतात ते म्हणजे घड्याळ आणि पट्टा.

आता एक गोष्ट जी कोणी आधी सांगत नाही. विमान भरलेलं असेल किंवा छोटं असेल, लहान शहरांकडे जाणारी पंख्यांची एटीआर असतात तशी, तर गेटवर कर्मचारी तुमची केबिन बॅगच मागून घेतात आणि पोटात टाकतात. हसतमुखाने, फुकट. पण तुमची औषधं, पासपोर्ट, दागिने आणि पॉवर बँक त्या बॅगेत असतात! म्हणून हे सगळं केबिन बॅगेच्या आत एका छोट्या झोळीत किंवा पर्समध्ये वेगळं ठेवा, मागितली की झोळी बाहेर काढायची आणि बॅग द्यायची.

१०. मध्ये विमान बदलताना

बॅग शेवटपर्यंत आपोआप जाते, हे अर्धंच खरं. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशननंतर बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि बाहेर पडल्यावर लगेच पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. टॅग शेवटच्या शहराचा असला तरीही. अबू धाबीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची ही तपासणी अबू धाबीतच होते. भारतात परतताना पुढचं विमान देशांतर्गत असेल तर साधारण असंच : दिल्लीला उतरून पुण्याला यायचं असेल तर बॅगा दिल्लीत घ्याव्या लागतात. यात वेळ जातो. दोन विमानांत तीन तासांपेक्षा कमी अंतर असलेलं तिकीट वयस्कर माणसांसाठी काढू नका.

११. बॅग आलीच नाही तर

भारतातल्या विमान कंपन्यांना शेवटची बॅग अर्ध्या तासात पट्ट्यावर आणायची सूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली गेली आहे, तेव्हा इथे तेवढं थांबा. पट्टा थांबला आणि बॅग नाही, तर कस्टमच्या दारातून बाहेर पडायच्या आधी त्याच हॉलमधल्या विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जा. तिथे पीआयआर नावाचा अहवाल भरून घेतात. टॅगची पावती, बॅगेचा फोटो आणि तिथला स्थानिक पत्ता लागेल. अहवालाचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ‘तुम्ही घरी जा, आम्ही फोन करतो’ एवढ्यावर भागवू नका.

बॅग आली पण फुटलेली, तर तक्रार लेखी, बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत. उशिरा आली तर उशिराबद्दलची तक्रार २१ दिवसांत. हे माँट्रियल करारातले दिवस आहेत, आंतरराष्ट्रीय प्रवासाचे. त्याच कराराने भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर केली आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा रुपयातला भाव रोज बदलतो. मधल्या दिवसांत घ्यावे लागलेले कपडे, टूथब्रश, चपला यांची बिलं जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा. बिल नसलेल्या खरेदीचे पैसे मिळवताना फार मारामारी होते.